पोत्यावर लिहा, हे मेंढीसाठी आहे का

प्रति,
पशुखाद्य, खनिज मिश्रणं, यीस्ट, टॉनिकं आणि चाटण विटा बनवणारे, विकणारे आणि त्यांची शिफारस करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातला मेंढपाळ. आबा, म्हणजे माझे वडील, दसरा झाला की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन घाटाखाली उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. मी बारावी झालो, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग गावी येऊन पत्र्याच्या शेडमध्ये बंदिस्त मेंढीपालन सुरू केलं. त्या शेडमध्ये चार दिवसांत नऊ मेंढ्या मेल्या. त्या कशानं मेल्या हे कळायला मला बरेच दिवस लागले. जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानातून मी खनिज मिश्रणाचं पोतं आणलं होतं. पोत्यावर गाईचं चित्र होतं. मी विचारलं, मेंढीला चालेल का? उत्तर मिळालं, गाईला चालतं ते मेंढीला चालणारच, फक्त कमी घाला. किती कमी, ते पोत्यावर नव्हतं आणि दुकानदारालाही सांगता आलं नाही. मी गाईच्या मापाच्या निम्मं धरलं, एका मेंढीला रोज २५ ग्रॅम. मक्याच्या भरड्यात आणि गव्हाच्या भुशात मिसळून द्यायचो. पाच महिने सगळं छान दिसत होतं. मेंढ्या खात होत्या, अंग धरत होत्या. मी दोन शेजाऱ्यांनाही तेच पोतं घ्यायला सांगितलं. ते मला आजही टोचतं.

श्रावणात एका रात्री शेडमध्ये भटकी कुत्री शिरली. एकाही मेंढीला दात लागला नाही, पण कळप रात्रभर भेदरून एका कोपऱ्यात चेंगरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दोन मेंढ्यांनी खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या कडा हळदीसारख्या पिवळ्या दिसल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. मला वाटलं कावीळ, आबांना वाटलं रानातलं काही विषारी खाल्लं. पण आमच्या मेंढ्या रानात जातच नव्हत्या. डॉक्टर आले तोवर तीन गेल्या होत्या. त्यांनी शेडमागे एक फाडून पाहिली. यकृत पिवळं पडलेलं, आणि मूत्रपिंडं तव्याच्या बुडासारखी काळीनिळी. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "खुराकात काय काय घालता?" मी पोतं आणून दाखवलं. त्यांनी पाठीमागचा तक्ता वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तांबं."

गाईच्या शरीरात जास्तीचं तांबं गेलं तर ते पित्तावाटे बऱ्यापैकी बाहेर पडतं. मेंढीला ते नीट जमत नाही. तिचं यकृत तांबं साठवत राहतं, आठवडे, महिने. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखादा ताण येतो. लांबचा प्रवास, पावसात भिजणं, कुत्र्यांची भीती. यकृतातलं तांबं एकदम रक्तात सुटतं, तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो आणि दोन-चार दिवसांत मेंढी जाते. म्हणजे मी त्यांना पाच महिने रोज थोडं थोडं विष घालत होतो आणि मला वाटत होतं की मी त्यांची काळजी घेतोय.

हिशेब साधा आहे. तो तेव्हाच कुणी मला मांडून दाखवला असता तर बरं झालं असतं. मेंढीच्या एकूण कोरड्या खाद्यात किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, त्यापुढे धोका सुरू होतो. गाईला हीच मर्यादा ४० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. आमची मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडं खाद्य खाते. मिश्रणात किलोमागे फक्त एक ग्रॅम तांबं धरलं तरी २५ ग्रॅममधून २५ मिलिग्रॅम जातं, आणि भरड्यातलं, भुशातलं, कडब्यातलं तांबं त्यावर वेगळं. पोत्यावरच्या गाईच्या चित्राखाली एवढं एक वाक्य असतं की "मेंढीला देऊ नये", तर मी ते पोतं उचललंच नसतं.

तांबं मेंढीला नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. गाभण मेंढीला तांबं कमी पडलं तर कोकरं मागच्या पायांनी लुळी जन्मतात किंवा काही आठवड्यांत लुळी पडतात. गरज आणि विष यांच्यातलं अंतर मेंढीत फार कमी आहे, एवढंच. आणि ते अंतर कुठे पडतं हे तिच्या कोठीपोटात राहणारे जीव बऱ्याच अंशी ठरवतात. तुमच्या जाहिरातींत, पोत्यांवर, मेळाव्यांतल्या भाषणांत मला या जिवांचा उल्लेख "पचन सुधारते" या दोन शब्दांपलीकडे कधी दिसला नाही. म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला सगळ्यांत मोठा, कोठीपोट. आत हवा जवळजवळ नाही, ऊब ३९ अंशांच्या आसपास, आणि चारा, पाणी, लाळ यांचं सतत घुसळण. त्यातल्या एका थेंबात कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांच्याबरोबर प्रोटोझोआ नावाचे केसाळ, पोहणारे एकपेशीय जीव, आणि बुरशी. कडब्याचं कांड, बाभळीची शेंग, वाळलेलं कुसळी गवत मेंढी स्वतः पचवू शकत नाही. तिच्याकडे ते पाचकच नाहीत. हे जीव ते कुजवतात, त्यातून आम्लं तयार होतात, आणि मेंढीला मिळणाऱ्या ऊर्जेतला साधारण ७० टक्के वाटा त्या आम्लांतून येतो. मग हेच जीव पुढच्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथे पचतात. मेंढीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग म्हणजे हे मेलेले सूक्ष्म जीव. आपण मेंढीला चारा घालतो असं म्हणतो, पण आधी जेवतात ते हे जीव, आणि मेंढी त्यांच्यावर जगते.

आता तांब्याकडे परत या. चरणाऱ्या मेंढीच्या कोठीपोटात हे जीव गवतातल्या गंधकाचं रूप बदलतात. ते गंधक गवतातल्या मॉलिब्डेनम नावाच्या खनिजाशी जोडलं जातं आणि ती जोडी तांब्याला पकडून ठेवते. मग तांबं रक्तात फारसं शिरत नाही, शेणावाटे निघून जातं. कॅनडात १९८० च्या दशकात प्रयोग झाले. ज्या मेंढ्यांच्या कोठीपोटात प्रोटोझोआ नव्हते त्यांच्या यकृतात तांबं जास्त साठलं, आणि प्रोटोझोआ पोटात गेल्यावर ती विषबाधा सौम्य झाली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गोठ्यात बसून राहिलो. आबांच्या चरणाऱ्या कळपात ही कावीळ मी कधी पाहिली नव्हती. तीच जात, तेच रक्त. मी तिला शेडमध्ये आणलं, हिरवं तोडलं, भरडा वाढवला, कोठीपोटातला सगळा कारभार बदलून टाकला, आणि वर गाईचं तांबं घातलं.

त्या नऊ मेंढ्या पुरल्यावर आबा एकच बोलले. "मेंढरू म्हंजी बारकी गाय न्हवं, लेका." आबांना शाळा माहीत नाही. पण ते चारा बदलायचे तेव्हा कधी एका दिवसात बदलत नसत. घाट उतरून भाताच्या खाचरात कळप बसवला की पहिले आठ-दहा दिवस पोट भरू द्यायचे नाहीत. दुपारी वाळलेलं घालायचे, मग हिरव्यावर सोडायचे. ज्वारीचे कोवळे पोंगे दिसले की कळप आडवा फिरवायचे, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष, लागेल म्हणून. कुणी धान्याच्या राशीत तोंड घातलं तर रात्रभर तिच्याजवळ बसायचे. एकदा अशाच रात्री त्यांनी दुसऱ्या धडधाकट मेंढीचं तोंड उघडून रवंथाचा घास काढला, कोमट पाण्यात कालवला आणि आजारी मेंढीला पाजला. मला तेव्हा किळस आली होती. आज पशुवैद्यक हेच करतात. निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी नळीनं काढून आजारी जनावराला पाजतात, कारण औषधानं न येणारे जीव त्यातून येतात.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याचं कोठीपोट इवलंसं असतं, कामाला लागलेलं नसतं. दूध तर त्याला वळसा घालून थेट खऱ्या पोटात जातं. आईच्या चाटण्यातून, सडांवरून, इतर मेंढरांच्या तोंडाला तोंड लावून, एकाच गव्हाणीतलं उष्टं खाऊन हे जीव त्याच्यात येतात. प्रोटोझोआ तर लाळेच्या संपर्काशिवाय येतच नाहीत म्हणायला हरकत नाही. म्हणून कोकरं लवकर वेगळी करून त्यांना नुसत्या दुधावर आणि स्टार्टर खाद्यावर वाढवायचा सल्ला देताना, त्यांना मोठ्या मेंढ्यांच्या सहवासात ठेवा हेही सांगत जा. त्यात तुमचं काही विकलं जाणार नाही, पण सांगा.

पूरक खाद्याच्या विरोधात मी नाही. माणदेशात राहून असं म्हणणं मूर्खपणा ठरेल. आमच्याकडे तीन वर्षांतली दोन कोरडी जातात. चारा छावणीतल्या उसाच्या वाढ्यावर जगलेल्या जनावराला खनिजं लागतातच. पण पूरक नेमकं कुणाला दिलं जातं, मेंढीला की तिच्या पोटातल्या जिवांना, हे ज्याला माहीत नाही त्यानं ते विकू नये, असं मला ठामपणे वाटतं. याचं माझ्या वाचनातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे.

तिथे दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर काही भागांत मेंढ्या हिरव्यागार कुरणात उभ्या राहून खंगून मरायच्या. गवत गुडघाभर, आणि मेंढी हाडांचा सापळा. फिल्मर आणि अंडरवुड या संशोधकांना सुरुवातीला वाटलं लोह कमी पडतंय. लोहयुक्त माती चारली की मेंढ्या सुधारायच्या. पण मातीचे काही नमुने लागू पडायचे आणि काही नाही. अखेर १९३० च्या दशकाच्या मध्यावर उलगडलं की गुण लोहाचा नव्हताच, त्या मातीत अशुद्धी म्हणून आलेल्या कोबाल्टचा होता. दुसरीकडे मार्स्टन आणि त्यांचे सहकारीही त्याच सुमारास कोबाल्टपर्यंत पोचले. किलोभर कोरड्या चाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम, इतकंच काय ते लागतं. आणि यातली खरी गोष्ट पुढे आहे. कोबाल्ट तोंडावाटे दिलं तर मेंढी सुधारायची, सुईनं रक्तात दिलं तर नाही. का, हे बी-१२ जीवनसत्त्व सापडल्यावर, १९४८ नंतर, स्पष्ट झालं. कोबाल्ट मेंढीला नको होतं, तिच्या कोठीपोटातल्या जीवाणूंना हवं होतं. ते त्यातून बी-१२ बनवतात आणि मेंढी ते वापरते. बी-१२ टोचलं तर कोबाल्टविनाही मेंढी सुधारते. त्या देशात मग कोबाल्टच्या जड गोळ्या निघाल्या, मेंढीच्या घशातून खाली सोडायच्या, कोठीपोटाच्या तळाशी पडून हळूहळू झिजणाऱ्या. एका चिमटीचा प्रश्न होता, पण तो सोडवायला कुणाचं पोट भरायचंय हे कळावं लागलं.

गंधकाचंही तसंच. कोठीपोटात बुरशी असते हे १९७५ पर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. केंब्रिजजवळ कॉलिन ऑर्पिन मेंढीच्या कोठीपोटातले पोहणारे बारीक जीव पाहत होते. सगळे त्यांना प्रोटोझोआ समजायचे. ऑर्पिन यांनी दाखवलं की ते बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत. बुरशीला हवा लागतेच अशी समजूत असताना, हवेशिवाय जगणारी बुरशी मेंढीच्या पोटात निघाली. ही बुरशी वाळक्या, कठीण काडीत मुळं घुसवते आणि ती आतून फोडते, जीवाणूंना वाट करून देते. पुढे ऑस्ट्रेलियात दिसलं की गंधक कमी असलेल्या गवतावर ठेवलेल्या मेंढ्यांत ही बुरशी जवळपास नाहीशी होते. गंधक मिळालं की ती परत येते आणि मेंढी तोच चारा जास्त खाते. लोकरीलाही गंधक लागतं, म्हणून मेंढीची गरज गाईपेक्षा जास्त धरतात. उन्हाळ्यात कडब्यावर काढणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या पोत्यावर गंधकाचा आकडा शोधायला गेलो तर कित्येकदा सापडत नाही. आणि गंधक अति झालं तर मेंदूचा आजार होतो, हेही लिहायला हवं.

आता सुबाभूळ. आमच्या भागात ती बांधावर, ओढ्याकाठी, पाझर तलावाखाली सगळीकडे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चाऱ्याचं आणि जळणाचं झाड म्हणून उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेनं आणि तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांनी तिचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनांनी भरलेला, मेंढ्या आवडीनं खातात. पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. नुसत्या सुबाभळीवर ठेवली की मेंढीची लोकर हाताला येते, गळ्याची गाठ सुजते, ती रोडावते. मिमोसिन कोठीपोटात मोडतं आणि त्यातून निघणारा दुसरा पदार्थ थायरॉइडला धरतो. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना एक गोष्ट खटकली. त्यांच्याकडची जनावरं सुबाभळीनं आजारी पडतात आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तीच सुबाभूळ पोटभर खाऊन ठणठणीत राहतात. कारण शेळीत नव्हतं, शेळीच्या कोठीपोटात होतं. तिथला एक जीवाणू ते विष खाऊन जगत होता. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जीव ऑस्ट्रेलियात आणून १९८० च्या दशकात तिथल्या जनावरांना पाजले आणि सुबाभळीचा त्रास थांबला. १९९२ साली त्या जीवाणूचं नाव जोन्स यांच्यावरून ठेवलं गेलं, सिनर्जिस्टीस जोनेसी.

मला ही हकिकत फार आवडते. सुबाभूळ देशोदेशी पोचली. तिचं विष खाणारा हा जीवाणू मात्र ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात नव्हता, तो शोधून मागाहून आणावा लागला. आता मला सांगा, सुबाभळीचा वाळवलेला पाला गोळी पेंडीत घालणाऱ्या कुणी पोत्यावर त्याचं प्रमाण लिहिलंय का? हिरवा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा, हे आम्हाला ऐकून माहीत आहे. पेंडीतला पाला आम्हाला दिसत नाही, मग तो मोजायचा कसा?

यीस्ट आणि प्रोबायोटिकबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं. धान्याच्या अति खुराकानं कोठीपोट आंबतं तेव्हा आत काय होतं ते नीट माहीत आहे. काही जीवाणू दाण्यातला स्टार्च भराभर खाऊन लॅक्टिक आम्ल ओततात. आम्लता वाढली की काडी पचवणारे जीव मरतात, प्रोटोझोआ मरतात, पोट थांबतं. हेच लॅक्टिक आम्ल खाणारेही जीव तिथे असतात. त्यातला मेगास्फेरा एल्सडेनी हा तर मेंढीच्याच कोठीपोटातून पहिल्यांदा वेगळा केला गेला. पण त्यांची संख्या वाढायला दिवस लागतात, आणि रास तर मेंढी एका तासात फस्त करते. जिवंत यीस्ट काही परिस्थितीत मदत करतं. तेही सगळीकडे सारखं नाही, खुराक काय आहे यावर फळ ठरतं. पण "जिवंत" हा शब्द इथे महत्त्वाचा. एप्रिलमध्ये आमच्या बाजारपेठेत पत्र्याच्या दुकानात दुपारी हात टेकवत नाही. तिथे महिनोन्महिने ठेवलेल्या पुड्यात किती यीस्ट जिवंत राहतं? पुड्यावर जिवंत पेशींचा आकडा, शेवटची तारीख आणि किती थंडाव्यात ठेवायचं ते छापा, आणि दुकानदाराला तसं ठेवायला लावा. ते होत नसेल तर माझ्यासारख्यानं तेच पैसे चांगल्या कडब्यावर आणि खायच्या सोड्यावर घातलेले बरे.

आणखी एक गोष्ट, जी चुकून कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या फिरत्या वाड्याबरोबर घोडं असतं. बिऱ्हाड, भांडी, कोकरं, लहान पोरं त्याच्या पाठीवर असतात. कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात, रक्ती हगवण रोखायला. ते मोनेन्सिन कोठीपोटातल्या काही जीवाणूंना दाबतं, म्हणून काही देशांत गुरांच्या खाद्यातही वापरतात. युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अशी औषधं खाद्यात घालायला बंदी केली. घोड्याला मोनेन्सिन अगदी थोडंही जीवघेणं आहे, हृदयाचे स्नायू जातात. पोल्ट्रीवर उरलेलं खाद्य स्वस्तात मिळतं म्हणून आमची माणसं घेतात, मेंढ्यांपुढे टाकतात, आणि घोडं शेजारीच बांधलेलं असतं. कोंबडीखाद्यात आणि कोंबडीखतात तांबंही पुष्कळ असू शकतं, ते मेंढीला बाधतं. एका पोत्यात दोन जनावरांचं मरण असतं आणि पोत्यावर फक्त कोंबडा असतो.

तेव्हा माझं मागणं असं आहे. पोतं, पुडा, वीट, बाटली, काहीही असो, ते कुठल्या जनावरासाठी आहे हे मराठीत, ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. मेंढीला चालत नसेल तर तेही तितक्याच ठळक लिहा, आणि ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याच्यासाठी मेंढीच्या चित्रावर काट मारा. आबांना ते कळेल. तांबं, मॉलिब्डेनम, गंधक आणि कोबाल्ट किलोमागे किती, हे सांगा. मात्रा "एक चमचा", "थोडं" अशी सांगू नका. पंचवीस-तीस किलोची मेंढी आमच्याकडे असते, तिच्या वजनाप्रमाणे ग्रॅममध्ये सांगा, आणि मापाचा डबा बरोबर द्या. खुराक नवा असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत कसा वाढवायचा ते पोत्याच्या पाठीवर छापा. युरिया असेल तर लहान कोकरांना देऊ नका हे लिहा. ज्यात मोनेन्सिनसारखं औषध आहे त्यावर घोड्याचं चित्र आणि त्यावर काट.

मेंढीसाठी वेगळं मिश्रण काढा, असंही मी म्हणतो. कुणी म्हणेल बाजार लहान आहे. दख्खनी आणि माडग्याळ मेंढ्या पाळणारी किती घरं माणमध्ये, जतमध्ये, आटपाडीत, फलटणमध्ये आहेत ते एकदा येऊन बघा. आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत दोन दिवस उभे राहा, गिऱ्हाईक तिथेच दिसेल. आणि बनवण्याआधी आमच्या रानातल्या गवताची, बाभळीच्या शेंगेची, विहिरीच्या पाण्याची तपासणी करा. कुठे तांबं कमी आहे, कुठे मॉलिब्डेनम जास्त आहे, यावर मिश्रण ठरायला हवं. एकच पोतं कोल्हापूरच्या म्हशीला आणि माणच्या मेंढीला घालून चालणार नाही. आमच्याकडून नमुने हवे असतील तर मी गोळा करून देईन, त्याचे पैसे नकोत.

शिफारस करणाऱ्यांना, म्हणजे मेळाव्यांत बोलणाऱ्या तज्ज्ञांना आणि गावोगाव फिरणाऱ्या प्रतिनिधींना, एक वेगळी विनंती. पुढच्या वेळी याल तेव्हा सूक्ष्मदर्शक घेऊन या. रवंथाचा एक थेंब काचपट्टीवर कोमट ठेवून पोरांना दाखवा. ते पोहणारे जीव मी एकदा डॉक्टरांकडे पाहिले. तेव्हापासून खुराकाचं घमेलं हातात घेतलं की मला ते दिसतात, आणि हात आपोआप थांबतो. माझ्यासारख्याला हे बाराव्या वर्षी दिसलं असतं तर बरं झालं असतं.

ते जुनं पोतं मी टाकलेलं नाही. शेडच्या दाराशी आतल्या बाजूला खिळ्यांनी ठोकून ठेवलंय, तक्ता बाहेर दिसेल असं. तांब्याच्या ओळीखाली मी लाल रंगानं रेघ ओढली आहे. शेजारच्या ज्या दोघांना मी ते घ्यायला सांगितलं होतं त्यांच्या घरी जाऊन मी उरलेली पोती परत घेतली. त्यांच्या मेंढ्या वाचल्या. डॉक्टरांनी मॉलिब्डेनमचं क्षारपाणी वेळेवर पाजलं.

येत्या सोमवारी आमच्याकडे बाजार आहे. मी दुकानांतून फिरणार आहे, प्रत्येक पोत्याची पाठ वाचणार आहे, आणि ज्याच्यावर मेंढीचा उल्लेख नाही ते उचलणार नाही. आबाही येतील. त्यांना अक्षर वाचता येत नाही, चित्र कळतं. ते पोत्यासमोर उभे राहून दुकानदाराला विचारतील, "हे मेंढराला हाय का?"

आपला,
एक मेंढपाळ
माण तालुका, जिल्हा सातारा